चेतक १९८९ (पॉइंटवाली) चौदा महिने उभी होती, आता सुरूच होत नाही. तपासणी कुठून सुरू करू?

शेडमधली_चेतक:

नमस्कार मंडळी. गाडी बजाज चेतक, १९८९ ची, टू-स्ट्रोक, पॉइंट-कंडेन्सरची (म्हणजे ठिणगीची वेळ ठरवायला उघडमीट करणारे दोन संपर्क आणि त्यांना जोडलेला कंडेन्सर). मागच्या दिवाळीपासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, म्हणजे कोल्हापूरचा एक अख्खा पावसाळा तिने तिथेच काढला. उभी राहण्याआधी व्यवस्थित चालत होती.

आतापर्यंत केलेले काम: जुने पेट्रोल काढून टाकले, त्याला वार्निशसारखा वास येत होता. तीन लिटर ताजे पेट्रोल भरले आणि त्यात ६० मिली टू-टी ऑइल घातले. नवा प्लग लावला.

लक्षणे अशी: प्लग बाहेर काढून हेडला टेकवून किक मारली तर करंट (ठिणगी) दिसतो, पण बारीक आणि पिवळसर, आणि प्रत्येक किकला येतोच असे नाही. वीस-पंचवीस किका मारल्यावर प्लग पेट्रोलने ओला होतो. ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तर एक-दोनदा सायलेन्सरमध्ये फट्ट आवाज येतो, पण इंजिन पकड घेत नाही. किकला दाब चांगला लागतो. हॉर्न अगदी मंद आहे, म्हणजे बॅटरी गेलेली असावी. त्याचा काही संबंध असेल का?

पाने, मल्टिमीटर आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हाताशी आहेत. स्वतः काम करायची तयारी आहे, पण सगळे एकदम सुटे करून बसायचे नाही. कोणत्या क्रमाने तपासू?


फिलरगेज:

पहिली गोष्ट, बॅटरी आणि हॉर्न विसरून जा. या गाडीत ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) आतल्या कॉइलमधून येते. बॅटरी काढून ठेवली तरी गाडी सुरू व्हायला हवी.

दुसरी गोष्ट, करंट पिवळसर असेपर्यंत कार्बोरेटरला हात लावू नका. प्लग बाहेर असताना ठिणगीला साध्या हवेतून उडी मारायची असते. आत पिस्टन वर आला की तीच हवा कितीतरी पट दाबलेली असते आणि त्या दाबात उडी मारायला बराच जास्त व्होल्टेज लागतो. म्हणून बाहेर जेमतेम दिसणारा पिवळा करंट आत बहुतेक वेळा पडतच नाही. तुमचा प्लग ओला होतोय, म्हणजे पेट्रोल पोहोचतेय. सायलेन्सरमध्ये फट्ट होतेय, म्हणजे न जळलेले पेट्रोल तिथे साठून मधूनच पेटतेय. ही सगळी लक्षणे करंटकडे बोट दाखवतात.

आता क्रम. सगळ्यात आधी प्लगची टोपी. एचटी वायरवरून (एचटी कॉइलपासून प्लगकडे येणाऱ्या जाड वायरवरून) ती फिरवून काढा, वायरचे टोक अर्धा सेंटिमीटर कापून ताजी तार उघडी करा. ते टोक हेडच्या धातूपासून ५ मिलिमीटरवर धरा (रबरी पकडीने, हाताने नको) आणि किक मारा. निळा, चट्चट् आवाज करणारा करंट आला तर दोष टोपीत किंवा प्लगमध्ये आहे. टोपी वेगळी मोजा. रेझिस्टन्सची असेल तर साधारण पाच हजार ओहम दाखवेल, साधी असेल तर शून्याच्या आसपास. काहीच दाखवत नसेल तर टाकून द्या. ही चाचणी करताना वायरचे टोक कशाच्याही जवळ नाही असे हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका. करंटला बाहेर वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडतो. आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, तेव्हा ठिणगी भोकाजवळ पाडू नका.

त्यानंतर बंद करण्याची वायर. हँडलवरचे बटण किंवा चावीचे स्विच पॉइंटची वायर बॉडीला टेकवून इंजिन बंद करते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हँडलमधले स्विच गंजते, नाहीतर वायर सोलून आत कुठेतरी अर्धवट टेकते. मॅग्नेटोच्या वायरी जिथे येऊन जुळतात त्या छोट्या काळ्या डब्यात हँडलकडे जाणारी ती वायर सोडवा आणि पुन्हा करंट पाहा. सुधारला तर दोष इंजिनात नाही, वर हँडलमध्ये आहे. वायरींच्या रंगांवर विसंबू नका. पस्तीस वर्षांत कुणीतरी वायरिंग बदललेले असतेच, म्हणून कोणती वायर कुठे जाते ते मीटरने शोधा.

इथपर्यंत फरक पडला नाही तर पॉइंट. माझा अंदाज विचाराल तर दोष इथेच निघेल. फ्लायव्हीलवरचे (मॅग्नेटोच्या फिरत्या जड चाकावरचे) पंख्याचे कव्हर काढा. फ्लायव्हीलला एक खिडकी आहे, तिच्यातून पॉइंट दिसतात, त्यासाठी फ्लायव्हील उतरवायची गरज नाही. उभ्या गाडीत पॉइंटच्या तोंडांवर राखाडी-पांढरा थर धरतो. ते एकमेकांना टेकलेले दिसतात, पण मधून वीज नीट जात नाही. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी दुमडून मधून चार-पाच वेळा ओढा. मग पेट्रोलमध्ये बुडवलेली कोरी कागदाची पट्टी ओढा आणि शेवटी कोरडी. ही शेवटची पायरी लोक सोडून देतात आणि पेपरचा भुसा मध्ये अडकून पुन्हा तीच तक्रार येते. नवे पॉइंट बसवतानाही हे करायचे, कारण पाकिटातल्या पॉइंटवर गंज धरू नये म्हणून तेलाचा हलका थर असतो.

गॅप: पॉइंट सर्वात जास्त उघडलेले असताना ०.३ ते ०.५ मिलिमीटर, तुम्ही ०.४ धरा. प्लगचा गॅप ०.६. लक्षात ठेवा, पॉइंटचा गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे जाते, ठिणगी लवकर पडते. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. उलट क्रमाने केले तर दोन्ही चुकते.

मल्टिमीटरबाबत एक सूचना. पॉइंट उघडतात-मिटतात ते बझर लावून पाहू नका. पॉइंटची वायर मॅग्नेटोच्या कॉइलमधूनही बॉडीला जोडलेली असते आणि त्या कॉइलचा रेझिस्टन्स फारच कमी असतो. त्यामुळे पॉइंट उघडे असोत की मिटलेले, बझर वाजतच राहतो आणि माणूस पॉइंट शॉर्ट आहेत असे समजून बसतो. एक तर कॉइलचे टोक सोडवून मोजा, नाहीतर पॉइंटमध्ये पातळ कागदाची चिंधी धरून फ्लायव्हील हळू फिरवा. चिंधी ज्या क्षणी सुटते तो उघडण्याचा क्षण.


जेट_५७:

फिलरगेज यांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. करंट निळा झाल्यावर लगेच किका मारत सुटू नका, कारण आत्ता इंजिन पेट्रोलने भरलेले आहे.

टू-स्ट्रोकमध्ये जादा पेट्रोल फक्त सिलिंडरमध्ये राहत नाही, खाली क्रँककेसमध्ये (पिस्टनच्या खालच्या पोकळीत) साठते आणि प्रत्येक किकला थोडे थोडे वर येऊन नव्या प्लगलाही भिजवते. पेट्रोलचा कॉक बंद करा, प्लग काढा, चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि पंधरा-वीस किका मारा. भोकातून फवारा उडायचा थांबला की दहा मिनिटे तसेच उघडे ठेवा. दुसरा कोरडा प्लग लावा. ओला प्लग गॅसवर तापवून वाळवण्याची पद्धत आहे, पण चिनीमातीला तडा जाऊ शकतो. कापडाने पुसून उन्हात ठेवला तरी पुरते.

चोकविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण चेतक थंड असताना सुरू न होण्यामागे अनेकदा ही सवय असते. या कार्बोरेटरचा चोक म्हणजे हवा अडवणारी पाकळी नाही. तो एक वेगळा छोटा मार्ग आहे, ज्याला त्याचा स्वतःचा जेट आहे. चोक ओढला की तो मार्ग उघडतो आणि इंजिनाच्या ओढीने त्यातून जादा पेट्रोल येते. पण ही ओढ अॅक्सिलरेटर बंद असतानाच तिथे पोहोचते. अॅक्सिलरेटर पिळून किक मारली की हवा मोठ्या मार्गाने आत येते आणि चोकचा मार्ग जवळजवळ निकामी होतो. म्हणून थंड गाडीला चोक ओढून, अॅक्सिलरेटरला हात न लावता तीन-चार किका. इंजिनाने पकड घेतली की मग हळू अॅक्सिलरेटर, आणि अर्ध्या मिनिटात चोक आत.

गाडी एका बाजूला झुकवून सुरू करण्याची आपल्याकडची जुनी पद्धतही याच कामाची. झुकवली की कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या भांड्यातले पेट्रोल उसळून इंजिनात जाते, म्हणजे चोकचेच काम होते. चोकची केबल तुटलेली किंवा जेट बुजलेला असला की लोकांना झुकवावे लागते. तुमचे इंजिन आधीच ओले आहे, तेव्हा झुकवू नका.

कार्बोरेटर मात्र उघडावाच लागेल, आज नाही तर चार दिवसांनी. पेट्रोल-ऑइलचे मिश्रण भरून ठेवलेल्या गाडीत पेट्रोल उडून जाते आणि त्यातले टू-टी ऑइल भांड्याच्या तळाशी चिकट होऊन बसते. सर्वांत आधी आयडलचा (अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन चालू ठेवणारा) जेट बुजतो, कारण त्याचे भोक सर्वांत बारीक. तो आणि मेन जेटची नळी वरूनच चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने निघतात, एअर फिल्टर उचलला की समोर दिसतात. ड्रायव्हर जेटच्या खाचेत घट्ट बसणाराच घ्या, पितळ मऊ असते, खाच गेली की जेट काढणे अवघड. भोकात तार घालू नका. कार्बोरेटर क्लीनर मारा, वारा मारा, आणि उजेडाकडे धरून भोक गोल दिसते का पाहा. पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरला जिथे जोडलेला आहे तिथे आत बारीक जाळी आहे, ती बहुतेक जण विसरतात. टाकीतला गंज तिथेच साठतो.

कार्बोरेटर परत बसवताना त्याचे बोल्ट आवळून आवळून पिळू नका. बॉडी मऊ धातूची आहे, ती वाकते. वाकली की खालून हवा ओढते आणि कधी कधी आतली अॅक्सिलरेटरची स्लाइडही अडकते.

आणि प्रवाह मोजून घ्या. पाइप कार्बोरेटरकडून सोडवा, बाटलीत धरा, कॉक उघडा. सलग धार यायला हवी. आधी जोरात येऊन मग थेंब थेंब होत असेल तर टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे किंवा कॉकची जाळी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. १९८९ च्या रबराला ते मानवत नाही: कॉकचे पॅकिंग फुगते, पाइप आतून सोलतो आणि त्याचे काळे कण फ्लोटच्या नीडलवर (पेट्रोल अडवणाऱ्या सुईवर) जाऊन बसतात. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढते, आणि पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. नेमके तिथूनच कॉक पेट्रोल घेतो. पाइप आणि कॉकचे पॅकिंग दोन्ही नवे घाला, खर्च फार नाही.


गावठाण:

हे सगळे करण्याआधी प्लगच्या भोकात एक झाकण पेट्रोल ओतून ढकलून बघा ना. चार-सहा फटके मारले तर करंट ठीक आहे हे लगेच कळेल.


जेट_५७:

@गावठाण, कोरड्या इंजिनाला ही चाचणी योग्य आहे. इथे इंजिन ओले आहे, आणखी ओतून काही कळणार नाही. शिवाय चौदा महिने उभ्या सिलिंडरमध्ये भिंतीवरचे तेल आधीच सुकलेले असते. निव्वळ पेट्रोल ओतले की उरलेसुरले तेलही धुऊन जाते आणि रिंगा कोरड्या घासतात. ओतायचेच असेल तर पाच मिली टू-टी ऑइल ओता, पिस्टन हाताने दोन-तीनदा वर-खाली फिरवा, मग पुढे जा.


शेडमधली_चेतक:

सांगितल्याप्रमाणे केले. निकाल लिहितो.

एचटी वायर कापून पाहिली, तरीही करंट पिवळाच. हँडलची वायर सोडवली, फरक नाही. पॉइंटवर राखाडी थर होता आणि गॅप ०.२५ निघाला. साफ करून ०.४ केला. करंट निळा झाला, ५ मिलिमीटरवरून प्रत्येक किकला पडतो. क्रँककेस रिकामे केले, जेट आणि जाळी साफ केली, पाइप बदलला, धार सलग येते. चोक ओढून, अॅक्सिलरेटर न पिळता चौथ्या किकला गाडी सुरू झाली. मनापासून आभार.

पण आता नवी अडचण. आठ-दहा मिनिटे छान चालते आणि मग बंद पडते. पडली की कितीही किका मारा, सुरू होत नाही. वीस-पंचवीस मिनिटे थांबलो की पुन्हा पहिल्या किकला सुरू. तीन वेळा अगदी असेच झाले.


फिलरगेज:

गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू. याची चार कारणे असू शकतात आणि चारही वेगवेगळी ओळखता येतात. मात्र गाडी बंद पडल्याच्या पहिल्या दोन मिनिटांतच तपासायचे. थंड झाली की पुरावा नाहीसा होतो. म्हणून प्लगचा पाना, सुटा प्लग आणि ओले फडके आधीच जवळ ठेवा.

बंद कशी पडते ते आधी नीट ऐका. पेट्रोल कमी पडले तर गाडी आधी ओढ सोडते, अडखळते, कधी क्षणभर आवाज चढतो आणि मग मरते. करंट गेला तर स्विच बंद केल्यासारखी एकदम थांबते.

पडल्याबरोबर टाकीचे झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि लगेच सुरू झाली तर झाकणाचे भोक. सुईने मोकळे करा.

नाही तर प्लग काढा आणि करंट पाहा. करंट निळा आणि प्लग कोरडा, तर पेट्रोल कमी पडतेय: फ्लोटची नीडल अडकतेय किंवा कॉकची जाळी. करंट निळा आणि प्लग तेलकट काळा, तर क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) सीलचा विचार करा.

करंटच नसेल तर तीन संशयित उरतात: एचटी कॉइल, कंडेन्सर आणि मॅग्नेटोच्या आतली कॉइल. एचटी कॉइल बाहेर आहे, तेव्हा तिच्यापासून सुरुवात. फडके गार पाण्यात भिजवून पिळा आणि कॉइलभोवती दोन मिनिटे गुंडाळा, वायरच्या तोंडात पाणी जाऊ देऊ नका. तेवढ्यात करंट परतला तर कॉइल बदला. तापल्यावर आतली बारीक तार कुठेतरी तुटते आणि गार झाल्यावर पुन्हा टेकते. फडक्याने काही फरक पडला नाही तर संशय फ्लायव्हीलच्या आत जातो. मग खिडकीतून पॉइंटची तोंडे पाहा. दहाच मिनिटे चाललेले, ताजे साफ केलेले पॉइंट पुन्हा काळे पडले असतील तर कंडेन्सर.

कारण असे. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधली वीज कुठेतरी जाऊ पाहते. कंडेन्सर ती क्षणभर झेलतो, म्हणून विद्युतप्रवाह झटकन तुटतो आणि त्या झटक्यामुळेच एचटी कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर कमजोर झाला की वीज पॉइंटच्या फटीतूनच ठिणगी होऊन निसटते. प्रवाह हळू तुटतो, प्लगवरचा करंट मरतो आणि पॉइंट भाजतात. जुन्या कंडेन्सरमध्ये कागदाचे पदर असतात. त्यात ओल शिरली की तो थंड असताना काम देतो आणि तापला की गळू लागतो.


सील_आणि_शिम:

वरची चाचणी होईपर्यंत सीलची बाजू लिहून ठेवतो, कारण करंट ठीक निघाला तर प्रश्न इथेच येईल आणि त्यात लोक इंजिन उगाच उघडतात.

क्रँकला दोन सील. क्लचच्या बाजूचे गेले तर इंजिन गिअरबॉक्समधले ऑइल ओढते: दाट पांढरा धूर जो चोक बंद केल्यावरही जात नाही, तेलकट प्लग, आणि गिअर ऑइलची घटती पातळी. गिअरबॉक्समध्ये साधारण २५० मिली एसएई ३० दर्जाचे ऑइल लागते. ते काढून मोजा. शंभर-दीडशेच निघाले आणि खाली कुठे गळतीचा डाग नसेल, तर ते धुरातून गेले. उलट, ऑइल २५० पेक्षा जास्त निघाले आणि त्याला पेट्रोलचा वास असेल तर क्रँककेसमध्ये साठलेले पेट्रोल त्याच सीलमधून पलीकडे गेले आहे. कॉक उघडा ठेवून महिनोन्महिने उभ्या गाड्यांत हे होते. अशा ऑइलवर गाडी चालवू नका, आधी बदला.

फ्लायव्हीलच्या बाजूचे सील गेले तर धूर वाढत नाही. तिथून नुसती हवा आत शिरते. मिश्रण पातळ होते, अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग पटकन उतरत नाही, गरम झाल्यावर सुरू व्हायला त्रास होतो आणि प्लग पांढराफटक दिसतो. हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही, पातळ मिश्रणावर पिस्टन तापून जाम होतो. फ्लायव्हील उतरवले की सीलभोवती पाहा. स्टेटरच्या (मॅग्नेटोच्या कॉइल बसवलेल्या प्लेटच्या) मागे ओला तेलकट पट्टा असेल तर सील बदला. या बाजूचे सील इंजिन न फोडता निघते, क्लचच्या बाजूचे मात्र बऱ्याच इंजिनांत केस फोडूनच.

दाबाबद्दल एक गोष्ट. किकला दाब लागतो असे तुम्ही म्हणता ते चांगले. पण एखाद्याची किक मऊ जात असेल तर लगेच सिलिंडर उघडू नये. या गाडीची किक गिअरबॉक्स आणि क्लचमधून क्रँकपर्यंत जाते. क्लचची केबल जास्त ताणलेली असली तर किक मारताना क्लच घसरतो आणि इंजिन नीट फिरतच नाही. बाहेरून ते कॉम्प्रेशन गेल्यासारखे वाटते. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवा आणि मग ठरवा.


शेडमधली_चेतक:

तपासले. एकदम थांबते, न अडखळता. झाकण उघडले, सुस्कारा नाही, सुरू झाली नाही. प्लग किंचित ओला, करंट अजिबात नाही. ओले फडके एचटी कॉइलवर तीन मिनिटे ठेवले, फरक नाही. खिडकीतून पाहिले तर पॉइंट काळे. साफ करून अर्धा तासही झाला नव्हता. गिअर ऑइल मोजले, २४० मिली, वास ठीक.

म्हणजे कंडेन्सर. फ्लायव्हील काढताना काय काळजी घेऊ?


फिलरगेज:

हो, कंडेन्सरच धरा.

चौथा गिअर टाकून दुसऱ्या कुणाला मागचा ब्रेक घट्ट दाबायला सांगा, म्हणजे फ्लायव्हील धरले जाईल. नट सोडा. बऱ्याच गाड्यांत नटाच्या वर फ्लायव्हीलमध्ये एक सर्कलिप (कडीसारखी क्लिप) असते. ती जागेवर असेल तर काढू नका, नट थोडा सैल होऊन पुन्हा जड जातो तेव्हा तो सर्कलिपला टेकून फ्लायव्हीलला बाहेर ओढत असतो. सर्कलिप नसेल तर पुलर (फ्लायव्हील ओढून काढायचे अवजार) वापरा. हातोडी मारायची नाही: क्रँक वाकते, चुंबक कमजोर होते. काढलेले फ्लायव्हील लोखंडी कचरा पडलेल्या फरशीवर ठेवू नका, आत चिकटलेला एक कण सगळ्या कॉइल ओरबाडतो.

क्रँकच्या टोकावरची, फ्लायव्हीलला नेमक्या जागी धरणारी अर्धचंद्राकार चावी पाहा. ती कापली गेली असेल किंवा खाचेत हलत असेल तर टायमिंग सरकलेले आहे आणि पॉइंट कितीही नीट केले तरी गाडी उलट किक मारेल. नवी घाला.

स्टेटर प्लेट काढण्याआधी प्लेट आणि केस या दोघांवर मिळून टोकदार अवजाराने एक आडवी रेघ ओढा. परत बसवताना रेघ जुळवली की टायमिंग होते तिथेच राहते. प्लेटमधून बाहेर येणाऱ्या वायरी वाकवून पाहा. उष्णता आणि तेलाने त्यांचे आवरण बिस्किटासारखे तुटत असेल तर याच वेळी बदला, नाहीतर महिन्याभरात त्या आतल्या आत बॉडीला टेकतील आणि पुन्हा हेच काम.

कंडेन्सर कोणता घ्यायचा हा खरा प्रश्न. जुन्या दुकानात पाकीटबंद मूळ कंडेन्सर मिळाला तर आनंदून जाऊ नका. कागदाचा असेल तर पाकिटातही त्याने पंचवीस पावसाळे पाहिलेले असतात. क्षमता ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडच्या मध्ये हवी. दुसरा चांगला मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला ०.२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर (कपॅसिटर म्हणजे कंडेन्सरच). तो फ्लायव्हीलच्या आत न बसवता बाहेर, त्या काळ्या डब्याजवळ बसवा: एक टोक पॉइंटच्या वायरला, दुसरे बॉडीच्या स्वच्छ घासलेल्या धातूला. रंगावर स्क्रू आवळला तर बॉडी मिळत नाही. जुन्या कंडेन्सरची आतली जोडणी पूर्ण तोडून टाका. तो तसाच राहिला आणि गळत असला तर नव्याचा काही उपयोग नाही. बाहेर बसवल्यावर उष्णता कमी लागते आणि पुढच्या वेळी फ्लायव्हील उतरवावे लागत नाही. वायर मात्र शक्य तितकी आखूड ठेवा आणि इंजिन हलते तिथे तिला थोडा सैल वळसा द्या.

प्लेट उतरलेलीच आहे तर मॅग्नेटोच्या कॉइलचा रेझिस्टन्स थंड असताना मोजा, मग हेअर ड्रायरने पाच मिनिटे तापवून पुन्हा मोजा. किंचित वाढणे साहजिक आहे. एकदम उडाला किंवा आकडा नाचायला लागला तर तीही गेली. पॉइंट उघडणाऱ्या कॅमला घासणारी नमद्याची पट्टी कोरडी असेल तर तिच्यावर ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका, त्याहून जास्त नाही. जास्तीचे ग्रीस उडून पॉइंटवर जाते.

फ्लायव्हील बसवण्याआधी क्रँकचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचे भोक दोन्ही पेट्रोलने पुसून कोरडे करा. तिथे तेल राहिले तर पकड कमी होते आणि सगळा भार चावीवर येतो.


शेडमधली_चेतक:

०.२२ चा फिल्म कपॅसिटर बाहेर बसवला. जुना तोडला. चावी चांगली होती, दोन वायरी बदलल्या. आतली कॉइल गरम करूनही स्थिर. सीलच्या मागे कोरडे. काल पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो, चाळीस मिनिटे सलग चालवून, घाट चढूनही बंद पडली नाही. आल्यावर पॉइंट पाहिले, स्वच्छ आहेत.

एकच राहिले. अॅक्सिलरेटर सोडला की गरम गाडी आयडलला थांबत नाही, सिग्नलला मरते. कार्बोरेटर साफ केल्यापासून असे आहे.


जेट_५७:

आयडलचा जेट आणि मिश्रणाचा स्क्रू एवढेच पाहायचे. साफसफाईत स्क्रूची जागा बदलली असणार. गाडी पाच किलोमीटर चालवून गरम करा. कार्बोरेटरच्या मागच्या बाजूचा मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवा, जोर लावू नका, टोक चेपते. तिथून दीड फेरा बाहेर. वरच्या स्क्रूने आयडल थोडा जास्त ठेवा. आता मिश्रणाचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत जिथे इंजिन सर्वांत वेगात आणि सर्वांत सरळ चालते ती जागा शोधा, मग वरच्या स्क्रूने वेग खाली आणा. दीड ते अडीच फेऱ्यांत ती जागा सापडायला हवी. तीन फेरे काढूनही काहीच फरक पडत नसेल तर आयडलचा जेट अजून अर्धा बुजलेला आहे, पुन्हा काढा आणि रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवा.

आणि उतरल्यावर कॉक बंद करत जा. नीडल जुनी आहे, उघड्या कॉकवर एक रात्र गेली तरी सकाळी प्लग ओला मिळेल.